शेवट आधी सांगू नका : माध्यमिक वर्गात इतिहास शिकवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. आठवी ते दहावीच्या मुलांना गोष्ट रंगवून सांगितली की ती कान टवकारून ऐकतात, पण महिन्याभराने विचारलं तर पाटी कोरी. सनावळ्या पाठ करून घ्यायला बसलं की जांभया सुरू. मूळ साधनं वर्गात वापरा असं प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात, पण पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास आणि समोर पन्नासच्या वर मुलं, त्यात हे बसवायचं कुठे? शिवाय काही विषय निघाले की वर्गात दोन तट पडतात, तेव्हा शिक्षकाने काय करावं?

माझ्या मते या चारही तक्रारींचं मूळ एकच आहे. आपण मुलांना नुसती उत्तरं देतो. ती कोणत्या प्रश्नाची उत्तरं आहेत हे त्यांना ठाऊक नसतं आणि तो प्रश्न त्यांना पडलेलाही नसतो. न पडलेल्या प्रश्नाचं उत्तर कुणाच्याच लक्षात राहत नाही, मोठ्यांच्याही नाही. म्हणून माझा सल्ला एवढाच की प्रत्येक मोठ्या पाठासाठी एक खरा प्रश्न शोधा, तो सुरुवातीलाच फळ्यावर लिहा आणि मुलांनी डोकं लढवण्याआधी पुढे काय झालं ते सांगून टाकू नका.

‘मिठाच्या सत्याग्रहाची कारणे लिहा’ हा खरा प्रश्न नव्हे. पुस्तकातला परिच्छेद उतरवून काढण्याची ती आज्ञा आहे. खरा प्रश्न ओळखायला मी तीन गोष्टी पाहतो. दोन शहाणी माणसं त्याची वेगवेगळी उत्तरं देऊ शकतील का? पाठातली माहिती वापरल्याशिवाय उत्तर देता येणार नाही, असं आहे ना? आणि काहीच न वाचलेल्या मुलालाही पहिला अंदाज बांधता येईल का? तिसरी कसोटी आपण विसरतो. ज्या मुलाने अंदाज बांधला, त्याला तो बरोबर निघतो की नाही हे पाहायचं असतं, आणि मग ते तासभर लक्ष देतं.

मिठाचाच पाठ घेऊ. सगळ्यांना तो माहीत असतो, म्हणूनच तो सगळ्यात वाईट शिकवला जातो. दांडी, मूठभर मीठ, कायदा मोडला, पुढचा धडा. या पाठाचा प्रश्न मी असा लिहितो : ‘एवढे मोठे प्रश्न समोर असताना गांधीजींनी मीठच का निवडलं?’ मग मुलांना जानेवारी १९३० मध्ये नेऊन उभं करायचं. डिसेंबर १९२९ मध्ये लाहोरला पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला आहे, २६ जानेवारीला गावोगाव प्रतिज्ञा घेतली गेली आहे. लढा द्यायचा हे ठरलं आहे, कसा द्यायचा ते ठरलेलं नाही. महिन्याच्या अखेरीस गांधीजींनी सरकारपुढे अकरा मागण्या ठेवल्या. त्यांतल्या सहा-सात फळ्यावर लिहा : दारूबंदी, शेतसारा निम्मा करणं, लष्करी खर्च निम्म्यावर आणणं, रुपयाचा विनिमय दर बदलणं, परदेशी कापडावर संरक्षक जकात, राजकीय कैद्यांची सुटका, मिठावरचा कर रद्द करणं. आता मुलांना सांगा, देशभर लढा उभारायचा आहे, यांतली एकच मागणी निवडा आणि का ते दोन ओळींत लिहा.

मीठ फार थोडी मुलं निवडतात. बहुतेक हात शेतसाऱ्यावर किंवा लष्करी खर्चावर वर होतात, आणि तसं होणंच चांगलं. मग उलटतपासणी सुरू करायची. शेतसारा भरला नाही तर सरकार काय करेल? जमीन जप्त करेल. मग ज्याच्याकडे दोनच बिघे आहेत तो किती दिवस टिकेल? आणि ज्याच्याकडे जमीनच नाही, तो या लढ्यात काय करणार? लष्करी खर्चाविरुद्ध एखाद्या गावातल्या बाईने नेमकं काय करायचं? विनिमय दर तर बाजूलाच ठेवा, तो तुम्हाला तरी पाच मिनिटांत समजावून सांगता येईल का? असं करत करत वर्ग स्वतःच अटी तयार करतो : सगळ्यांना लागू पडणारी गोष्ट हवी, गरिबालाही मोडता येईल असा कायदा हवा, मोडताना सगळ्यांना दिसलं पाहिजे, आणि सरकारने बळ वापरलं तर सरकारच हास्यास्पद दिसलं पाहिजे. या अटी फळ्यावर आल्या की मागच्या बाकावरून कुणीतरी ‘मीठ!’ म्हणतंच.

तरीही शेवट सांगायचा नाही. आता व्हाइसरॉयच्या बाजूने विचार करायला लावायचा. २ मार्चला गांधीजींनी आयर्विनला पत्र लिहून आपण काय करणार ते कळवून टाकलं. आपला बेत कुणी प्रतिपक्षाला आधी सांगतं का? आणि आयर्विनला काय वाटलं? मिठाच्या मोहिमेच्या विचाराने अजून तरी आपली झोप उडालेली नाही, असं त्याने लंडनला कळवलं होतं. हे वाक्य मुलांना फार आवडतं, कारण पुढे काय झालं ते त्यांना अर्धवट माहीत असतं आणि आयर्विनला माहीत नव्हतं. पण तो मूर्ख नव्हता. त्याच्याजवळ जी माहिती होती, तिच्या आधारे त्याचा अंदाज वाजवी होता. काँग्रेसमधल्याही अनेकांना मीठ हा विषय किरकोळ वाटला होता. ‘त्या वेळच्या माणसांना पुढचं पान वाचता येत नव्हतं’ हे इथे एकदा कळलं, की ते पुढच्या प्रत्येक पाठाला उपयोगी पडतं.

मग १२ मार्च. साबरमतीहून ७८ जण निघतात आणि सुमारे ३८५ किलोमीटर चालून ६ एप्रिलला दांडीला मीठ उचललं जातं. प्रश्न विचारा : आगगाडी असताना चालत का गेले? एका दिवसात पोहोचता आलं असतं. मुलं आधी ‘साधेपणा’ म्हणतात. नकाशावर वाटेतली गावं दाखवली, रोजची सभा आणि सोबतचे वार्ताहर सांगितले, की उत्तर बदलतं. आगगाडीने गेले असते तर बातमी एक दिवस चालली असती, ती चोवीस दिवस चालली. शेवटी सरकारची कोंडी. गांधीजींना अटक झाली ती ५ मेच्या पहाटे, म्हणजे मीठ उचलल्यावर तब्बल महिन्याने. एवढं का थांबले? वाटेतच पकडलं तर मूठभर मिठासाठी एका वृद्धाला तुरुंगात टाकल्याचा बभ्रा, नाही पकडलं तर कायद्याची लाज गेली. दोन बाजूंच्या डोक्यात शिरून विचार केलेला हा पाठ मुलं वर्षभराने सांगतात, तारखांसकट. तारखा मी त्यांना पाठ करायला सांगितलेल्या नसतात. महिना का थांबले हे सांगायचं तर दोन्ही तारखा लागतात, म्हणून त्या राहतात.

आता साधनांकडे येतो. इथे बहुतेक जणांची चूक एकच होते, साधन म्हणून दोन पानांचा उतारा दिला जातो. पन्नास मुलांच्या वर्गात दहा ओळींच्या वर काही देऊ नका. फळ्यावर लिहून काढता आलं पाहिजे इतकंच द्या. आणि त्यावर ‘यात काय सांगितलं आहे?’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. पहिला प्रश्न असा : हे कुणी लिहिलं, केव्हा लिहिलं, आणि त्याला काय मिळवायचं होतं? अमेरिकी संशोधक सॅम वाइनबर्ग यांनी १९९१ साली इतिहासकार आणि शाळकरी मुलं यांच्यापुढे एकाच घटनेची तीच कागदपत्रं ठेवली. इतिहासकारांची नजर मजकुराआधी लिहिणाऱ्यावर आणि तारखेवर जाई. चांगले गुण मिळवणारी मुलंही सरळ पहिल्या ओळीपासून वाचत जात आणि कागदाला पाठ्यपुस्तकासारखंच धरत. ही सवय आपोआप लागत नाही, शिकवावी लागते आणि शिकवता येते.

मला यासाठी सगळ्यात कामाला येणारा प्रसंग म्हणजे कलकत्त्याची अंधारकोठडी. २० जून १७५६ रोजी बंगालचा नवाब सिराज उद्दौला याच्या फौजेने ईस्ट इंडिया कंपनीचा किल्ला घेतला आणि त्या रात्री कैद्यांना एका लहान खोलीत कोंडलं. आत १४६ जण गेले, सकाळी २३ जिवंत बाहेर आले, असं जॉन होलवेलने लिहून ठेवलं. खोली साधारण १८ फूट लांब आणि १५ फूट रुंद मानली जाते. आधी मुलांना एवढंच सांगा आणि गणित करू द्या. २७० चौरस फूट भागिले १४६, म्हणजे माणशी दोन चौरस फुटांहूनही थोडं कमी, सुमारे १६ इंच बाय १६ इंच. खडूने जमिनीवर तसा चौकोन काढा आणि एका मुलाला त्यात उभं करा. उभं राहता येतं. बसता येत नाही. शेजारी-शेजारी तसे नऊ चौकोन काढून दाखवले तरी पुरे. मुलांना खरोखर दाटीवाटीने कोंबू नका, धक्काबुक्की होते आणि शिकण्यासारखं त्यातून काही निघत नाही.

वर्ग लगेच दोन निकाल देतो. काही म्हणतात ‘शक्यच नाही’, काही म्हणतात ‘लोकलमध्ये यापेक्षा जास्त गर्दी असते’. दोघांचीही घाई झालेली असते. गणिताने आकडा अशक्य ठरत नाही, फक्त संशयाला जागा होते. खरा प्रश्न पुढे आहे : हे १४६ मोजले कुणी? अंधार, लढाईनंतरचा गोंधळ, हाताशी यादी नाही. काही माणसं लढाईत पडली, काही नदीतून निसटली, त्यांतली किती या आकड्यात धरली गेली? मग लेखकाची ओळख करून द्यायची. गव्हर्नर ड्रेक जहाजावर चढून निघून गेला होता आणि मागे राहिलेल्यांचं नेतृत्व होलवेलकडे आलं होतं. म्हणजे किल्ला पडला तो त्याच्या हातून. त्याने हा वृत्तान्त लिहिला १७५७ मध्ये, इंग्लंडला जाताना, आणि छापला १७५८ मध्ये. फळ्यावर या दोन तारखांच्या मध्ये मी गुपचूप २३ जून १७५७ लिहितो. एखादी मुलगी उठून म्हणते, ‘सर, ही तर प्लासीची तारीख.’ हो, तीच, कंपनीने सिराज उद्दौलाला हरवलं त्या लढाईची. मग हे लेखन वाचणाऱ्या इंग्रज वाचकाला त्यातून काय पटायला हवं होतं, हा प्रश्न वर्ग स्वतःच विचारतो.

इथे शिक्षकाने सांभाळायची गोष्ट म्हणजे मुलांना ‘मग सगळं खोटंच’ या टोकाला जाऊ न देणं. लेखकाचा स्वार्थ दिसला म्हणून प्रसंग घडलाच नाही असं सिद्ध होत नाही. विसाव्या शतकात काहींनी सगळी कथाच बनावट ठरवली, काहींनी कैद्यांचा आकडा ६४ च्या आसपास धरला. त्या रात्री माणसं गुदमरून मेली याबद्दल मात्र आज फारसा वाद नाही. ‘किती?’ याचं उत्तर सैल आणि ‘घडलं का?’ याचं उत्तर बऱ्यापैकी पक्कं, असे दोन वेगळे निकाल एकाच कागदावरून देता येतात, हे चौदा वर्षांच्या मुलाला उमगणं मी फार मोलाचं मानतो. वेळ उरला तर स्मारकाची गोष्ट जोडा. होलवेलने स्वतः उभारलेलं स्मारक पुढे नाहीसं झालं, लॉर्ड कर्झनने १९०२ मध्ये नवं उभारलं, आणि १९४० मध्ये ते हटवावं म्हणून सुभाषचंद्र बोस यांनी सत्याग्रहाची हाक दिली. त्यांना आदल्या दिवशीच अटक झाली, पण स्मारक पुढे सेंट जॉन चर्चच्या आवारात हलवावं लागलं. एकाच रात्रीच्या आठवणीचा दोनशे वर्षांत कुणी कसा वापर केला, तेही त्याच तासात दिसतं.

साधनात जे नाही तेही वाचायला शिकवता येतं, आणि त्यासाठी अशोकाच्या तेराव्या शिलालेखासारखा दुसरा नमुना मला माहीत नाही. कलिंगच्या युद्धात दीड लाख माणसं बंदी करून नेली, एक लाख मारली गेली, त्याहून किती तरी जास्त नंतर मेली, याचा मला पश्चात्ताप होतो, असं राजा त्यात म्हणतो. हे सगळ्या पुस्तकांत असतं. पुस्तकात बहुधा नसतं ते असं : हा लेख काल्सीला आहे, दूर वायव्येला शाहबाजगढीला आहे, पण खुद्द कलिंगमध्ये, धौली आणि जौगड इथे, तो कोरलेला नाही. तिथे अकरा ते तेरा हे लेख गाळून त्यांच्या जागी दोन वेगळे लेख आहेत, ‘सर्व माणसं माझी लेकरं आहेत’ असं सांगणारे आणि अधिकाऱ्यांना न्यायाने वागण्याची ताकीद देणारे. का? एवढाच प्रश्न टाकायचा आणि गप्प बसायचं. लोकांच्या जखमेवर मीठ नको म्हणून? आपल्या तोंडाने मृतांचा आकडा जिंकलेल्या प्रजेला सांगणं धोक्याचं म्हणून? की पश्चात्ताप दाखवायचा होता तो दुसऱ्यांना? पक्कं उत्तर कुणाकडेच नाही, शिक्षकाकडेही नाही, हे मुलांना दिसू द्या. त्याच लेखात पुढे अरण्यवासी लोकांना दिलेली समज आहे, की राजाला पश्चात्ताप झाला असला तरी त्याच्या हातात बळ आहे. ती ओळ वाचून दाखवली की ‘चंडाशोकाचा धर्माशोक झाला’ या वाक्यावर मुलं पूर्वीइतक्या सहज विसंबत नाहीत.

सनावळ्यांबद्दल माझं मत काहींना जुनाट वाटेल. तारखा पाठ हव्यातच. मात्र थोड्या हव्यात आणि क्रमाने हव्यात. प्रश्न, साधनं, चिकित्सा हे सगळं करताना काळाचा सांगाडाच नसेल तर मुलं अशोक आणि अकबर यांना शेजारी बसवतात. वर्षाला वीसेक तारखा निवडा, त्या एका लांब कागदी पट्टीवर वर्गाच्या भिंतीला लावा, आणि प्रत्येक नव्या पाठाच्या वेळी एका मुलाला उठवून ‘हे कुठे बसेल?’ असं विचारा. शंभर वर्षांना समान अंतर ठेवा, नाहीतर पट्टीला अर्थ नाही. अठरावं शतक म्हणजे सतराशेची वर्षं, आणि इसवी सनापूर्वीची मोजणी उलटी, हे दहावीतही पुन्हा सांगावं लागतं. न रागावता सांगा.

तारखा एकमेकींना बांधणारी माणसं सापडली तर फारच उत्तम. १७८१ मध्ये यॉर्कटाउनला अमेरिकी आणि फ्रेंच फौजांपुढे शरण जाणारा सेनापती आणि १७९३ मध्ये बंगालमध्ये कायमधारा, म्हणजे जमीनदारांनी भरायचा सारा कायमचा ठरवून टाकणारी पद्धत, लागू करणारा गव्हर्नर जनरल हा एकच माणूस, कॉर्नवॉलिस. पुस्तकात तो दोन प्रकरणांत, बहुधा दोन वेगवेगळ्या वर्षांच्या अभ्यासक्रमात येतो. मुलांना हे सांगितलं की ‘तो हरला होता ना, मग त्याला इकडे एवढं मोठं पद कसं दिलं?’ असा प्रश्न येतो. उत्तम प्रश्न आहे, आणि साम्राज्य म्हणजे काय हे समजायला तिथूनच सुरुवात होते.

कारणमीमांसा शिकवताना कारणांची यादी देणं सोडा. यादीत सगळी कारणं एकाच वजनाची दिसतात. पहिल्या महायुद्धाचं उदाहरण घ्या. २८ जून १९१४ च्या सकाळी सारायेव्होत आर्चड्यूक फ्रान्ट्स फर्डिनांडवर फेकलेला बॉम्ब त्याला न लागता मागच्या मोटारीतल्या माणसांना लागला. नंतर मार्ग बदलायचं ठरलं, पण चालकाला कुणी सांगितलं नाही. तो जुन्या रस्त्याला वळला, थांबला, आणि तिथेच १९ वर्षांचा गाव्रिलो प्रिन्सिप उभा होता. ‘चालकाला निरोप मिळाला असता तर महायुद्ध टळलं असतं का?’ हा प्रश्न टाका. ‘हो’ म्हणणाऱ्यांना पुढच्या तारखा द्या : ऑस्ट्रियाचा सर्बियाला निर्वाणीचा खलिता २३ जुलैला, युद्धाची घोषणा २८ जुलैला, जर्मनीची रशियाविरुद्ध १ ऑगस्टला, ब्रिटनची जर्मनीविरुद्ध ४ ऑगस्टला. खुनानंतर खलित्याला जवळजवळ महिना लागला, त्या महिन्यात कोण काय करत होतं? ‘नाही, युद्ध होणारच होतं’ म्हणणाऱ्यांना वेगळं अडवा : मग त्याआधीच्या बाल्कन युद्धांत ते का पेटलं नाही? मुलांनी कारणं चिठ्ठ्यांवर लिहून ‘हे काढलं तर काय कोसळेल?’ असं करत मांडायची. शेजारच्या बाकावरची मांडणी वेगळी निघते आणि दोघांना आपापली बाजू मांडावी लागते. तासाचं काम तिथे झालं.

वर्गात तट पडतात त्याबद्दल. वादाचा विषय टाळू नका, पण वादविवाद स्पर्धाही घेऊ नका. स्पर्धेत मुलं जिंकायला शिकतात आणि पुरावा हत्यारासारखा वापरतात. त्याऐवजी फळ्याचे तीन भाग करा : काय घडलं याचा पुरावा, त्या काळच्या लोकांनी त्याबद्दल काय म्हटलं, आणि आज आपल्याला काय वाटतं. मूल काहीही बोललं की आधी विचारायचं, हे कुठल्या रकान्यात लिहू? निम्मा ताप तिथेच उतरतो, कारण सगळी भांडणं तिसऱ्या रकान्यातली आहेत आणि पहिला रिकामाच आहे, हे मुलांना डोळ्यांनी दिसतं. मात्र प्रत्येक गोष्टीला दोन बाजू असतात असा खोटा समतोलही नको. नाझींनी सुमारे साठ लाख ज्यूंची हत्या केली, यावर वर्गात मतदान होत नाही. का झालं, शेजारी गप्प का राहिले, यावर हवी तेवढी चर्चा करा. ‘सर, तुमचं मत काय?’ असं मुलांनी विचारलं तर मी सांगतो, पण तासाच्या शेवटी आणि कारणासकट. आधी सांगितलं तर निम्मा वर्ग तेच लिहून देतो. अत्याचाराच्या प्रसंगांचं नाट्यीकरण मी करत नाही आणि करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. गुलामांच्या जहाजाची किंवा फाळणीच्या गाडीची भूमिका वठवून मुलांना त्या माणसांचं दुःख कळत नाही, आणि एखाद्या मुलाच्या घरचीच ती गोष्ट असू शकते.

मोबाइलवर फिरणारे ‘ऐतिहासिक’ संदेश मुलं वर्गात आणतातच. त्यांना हसू नका, ते आयतं साधन आहे. कंपनी सरकारातला इंग्रज अधिकारी मेकॉले याने २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश संसदेत भाषण करून भारतात एकही भिकारी किंवा चोर पाहिला नाही असं म्हटल्याचा उतारा सगळ्यांनी कधी ना कधी वाचलेला असतो. फक्त तारीख तपासायला लावा. मेकॉले १८३४ च्या जूनमध्ये भारतात उतरला होता, आणि त्या फेब्रुवारीत तो कलकत्त्यात होता. त्याच तारखेचं त्याचं शिक्षणविषयक टिपण उपलब्ध आहे आणि त्यातला सूर नेमका उलटा आहे, इथल्या ग्रंथसंपदेबद्दल तुच्छतेचा. लंडनच्या संसदेत भाषण करणारा माणूस त्याच दिवशी कलकत्त्यात कसा असेल, हे सातवीचं मूलही विचारू शकतं. खरं टिपण बनावट उताऱ्यापेक्षा जास्त चीड आणणारं आहे, हेही मुलांच्या लक्षात येतं. खोट्या पुराव्याची गरजच नव्हती.

वेळेचा प्रश्न उरतो. सगळे पाठ असे घेता येणार नाहीत, आणि घेऊही नयेत. वर्षाच्या सुरुवातीला पुस्तक समोर ठेवून सहा-सात पाठ निवडा, ज्यांत खरा प्रश्न आहे आणि हाती एखादं छोटं साधन आहे. त्यांना दोन-तीन तास सढळ हाताने द्या. बाकीचे पाठ भरभर वाचून, पट्टीवर जागा दाखवून, चार मुद्दे लिहून पुढे सरका. अभ्यासक्रम ‘पुरा करणं’ म्हणजे प्रत्येक पानाला सारखा वेळ देणं, असं कुणी ठरवलेलं नाही. पन्नास मुलांत गट पाडण्याच्या भानगडीत पडू नका, खुर्च्या हलवण्यातच तास जातो. बाकावर शेजारी बसलेल्या दोघांची जोडी हाच गट. दोघांत एक कागद, तीन मिनिटं, एकच प्रश्न. प्रकल्पांच्या चकचकीत वह्यांवर मी फारसा वेळ घालवत नाही. चित्रपट दाखवायचाच तर दहा मिनिटांचा तुकडा दाखवा आणि ‘यातलं काय पुराव्याने कळू शकतं, काय रचलेलं असणार?’ असं विचारा.

विसरण्यावर मात्र साधा उपाय आहे आणि तो रोज करायचा आहे. तासाच्या पहिल्या चार मिनिटांत वह्या-पुस्तकं मिटून पाच छोटे प्रश्न : दोन कालच्या पाठातले, दोन गेल्या महिन्यातले, एक गेल्या वर्षातला. गुण नाहीत, तपासणी आपली आपणच. पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून काढण्याने जास्त टिकतं, हे शिकण्यावरच्या संशोधनात वारंवार दिसलं आहे. माझ्या वर्गातही याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय मला सापडलेला नाही.

परीक्षेतली उत्तरं लिहायलाही शिकवावं लागतं, कारण बोलताना चमकदार मुद्दा मांडणारं मूल कागदावर पुन्हा परिच्छेद ओकतं. मी तीन वाक्यांपासून सुरुवात करतो : माझं म्हणणं काय, कशावरून, आणि ‘पण’. ते तिसरं ‘पण’ बहुतेकांना जड जातं. ‘होलवेलचा आकडा फुगवलेला वाटतो, कारण मोजणारा तोच आणि स्वतःचा बचाव करण्याची गरजही त्यालाच होती. पण दुसरी कुठलीच मोजणी आपल्याकडे नाही.’ एवढं लिहिणाऱ्या मुलाला पूर्ण गुण द्या. आणि ‘आकडा खरा असावा, कारण तो स्वतः आत होता आणि वाचलेले इतरही होते. पण त्याने लिहिलं ते कित्येक महिन्यांनी’ असं लिहिणाऱ्या मुलीलाही तेवढेच द्या. वह्या परत करताना ही दोन्ही उत्तरं वर्गात मोठ्याने वाचून दाखवा. एकाच प्रश्नाच्या दोन उत्तरांना सारखे गुण कसे, यावर पुढचा तास निघतो आणि त्याची वेगळी तयारी करावी लागत नाही.